त्रिकास्थीच्या छिद्रातून : मूत्राशय आणि विजेचा दीडशे वर्षांचा संवाद

आजच्या धाग्याचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. यात गडकिल्ले नाहीत, तहनामे नाहीत आणि तलवारीही नाहीत. विषय आहे मूत्राशय, आणि त्याच्या मज्जातंतूंना वीज देऊन त्याचा बिघडलेला कारभार ताळ्यावर आणण्याचा माणसाचा दीर्घ खटाटोप.

लघवी आवरत नाही म्हणून लग्नकार्याला जाणे सोडलेली आजी किंवा एसटीत बसण्याआधी दिवसभर पाणी न पिणारी काकू बहुतेक घरांत असते. तिच्या दुखण्याविषयी घरातही कुजबुजतच बोलले जाते. इतिहासाच्या पुस्तकांत तर त्याला जागाच नसते. परंतु या दुखण्याच्या दुसऱ्या टोकाला हजारो माणसांचे मृत्यू आहेत, आणि त्या मृत्यूंपासूनच ही कथा नीट समजते.

अशा धाग्यांची सुरुवात सहसा रोमन काळातील विद्युत माशापासून होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने संधिवात आणि डोकेदुखी यांवर हा जिवंत मासा अंगाला लावण्यास सांगितले होते, हे खरे. पण त्या उपायाचा मूत्राशयाशी काही संबंध नव्हता. तेव्हा त्या माशाला नमस्कार करून आपण थेट विसाव्या शतकातील खंदकांत उतरू.

पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्यात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा घुसून मेरुरज्जू तुटलेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. पाय लुळे पडल्याने माणूस मरत नाही. ते मरत असत ते पाठीवर चिघळणाऱ्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गातील संसर्गाने. मूत्राशय रिकामे होत नसे, साचलेली लघवी सडे, दाब उलटा वर चढून मूत्रपिंडे निकामी होत. डॉक्टरांना हे दिसत होते, पण त्यांच्या हाती रबरी कॅथेटरखेरीज काही नव्हते, आणि त्या काळचा कॅथेटर आत ठेवला की संसर्ग आलाच.

हे चित्र पालटले दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू मज्जातज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे मेरुरज्जूच्या जखमींसाठी केंद्र उघडले. दर दोन तासांनी कूस बदलणे, अत्यंत निर्जंतुक पद्धतीने ठरावीक वेळी कॅथेटर घालून लगेच काढून घेणे आणि रुग्णाला खेळाच्या मैदानावर नेणे, अशी त्यांची शिस्त होती. १९४८ मध्ये तेथे भरलेल्या छोट्या क्रीडास्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक जन्माला आले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात सुवर्णपदक मिळवले, ते याच परंपरेतील स्पर्धेत.

माणसे आता जगू लागली, आणि म्हणूनच एक नवा प्रश्न पुढे आला. पुढची तीस-चाळीस वर्षे त्यांनी रोज लघवी करायची कशी?

तो प्रश्न समजून घ्यायचा तर मूत्राशयाचे काम थोडे पाहावे लागेल. मूत्राशय हे स्नायूंचे एक गाठोडे आहे. त्याला कामे दोनच, साठवणे आणि रिकामे होणे. दिवसाचा बहुतांश वेळ ते सैल पडून भरत राहते, आणि खालचे दार आवळून धरणारा स्नायू बंद असतो. योग्य वेळ आली की दार सैल पडते आणि गाठोडे आकसते. हा क्रम उलटत नाही, हेच त्यातले सगळे कसब.

या क्रमाचे तारायंत्र शास्त्रज्ञांनी हळूहळू उलगडले. १८६३ मध्ये इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ जानुत्सी यांनी कुत्र्यांच्या मेरुरज्जूला वीज देऊन मूत्राशयाकडे जाणाऱ्या तारांचे मार्ग शोधले. पुढे लंडनचे बॅरिंग्टन यांनी १९२० च्या दशकात मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की लघवीचा अंतिम हुकूम मेंदूच्या बुंध्यातील एका छोट्या केंद्रातून सुटतो. तेथून संदेश कण्यातून खाली उतरतो आणि कमरेच्या खालच्या, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकोणी हाडातून, म्हणजे त्रिकास्थीतून, दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जोडीच्या मज्जातंतूंवाटे मूत्राशयाकडे जातो.

मेरुरज्जू वर कोठे तुटला की बॅरिंग्टनच्या केंद्राचा हुकूम खाली पोहोचत नाही. खालची यंत्रणा मात्र जिवंत असते आणि मनाला येईल तशी वागू लागते. मूत्राशय आकसते त्याच क्षणी दारही आवळले जाते. बंद दारावर आतून धडका बसतात, आणि त्या धडकांचा दाब मूत्रपिंडांवर जातो. खंदकांतल्या सैनिकांना मारणारी गोष्ट हीच होती.

आता वीज. याचा पहिला ठळक प्रयोग १८७८ चा. कोपनहेगनचे शल्यविशारद सॅक्सटॉर्फ यांनी लघवी अडलेल्या रुग्णांच्या मूत्रमार्गातून धातूचे टोक असलेला कॅथेटर आत घातला, दुसरे टोक ओटीपोटावर ठेवले आणि मूत्राशयाच्या आतच वीज खेळवली. काही रुग्णांना गुण आला. का आला, हे ना त्यांना कळले ना पुढे कित्येक वर्षे इतर कोणाला. या प्रयोगाकडे आपण शेवटी परत येणार आहोत, तेव्हा तो लक्षात ठेवा.

त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे फारसे काही घडले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रान्झिस्टर आला, यंत्रे लहान झाली, आणि १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये माणसाच्या शरीरात पहिला हृदयाचा पेसमेकर बसला. मग सगळ्यांच्या मनात एकच विचार आला. विजेने हृदय आकसते, तर मूत्राशय का आकसणार नाही? तेही स्नायूंचेच गाठोडे आहे.

१९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतील अनेक चमूंनी मूत्राशयाच्या भिंतीवरच तारा शिवल्या. कुत्र्यांत हे छान चालले. मिनेसोटाच्या ब्रॅडली यांच्या चमूने १९६३ मध्ये अशा रोपणयंत्राचे वृत्त प्रसिद्ध केले. माणसांत मात्र निराशा पदरी आली. मूत्राशय आकसे, पण ते नीट रिकामे होत नसे. वीज आजूबाजूला पसरून वेदना होत, मांड्यांचे स्नायू आखडत, आणि दारही आवळले जाई. शिवाय मूत्राशय दिवसातून कित्येकदा फुगते आणि आकसते. त्या सततच्या हालचालीने तारा तुटत, टाके उसवत. हृदयाची नक्कल करायला निघालेल्या लोकांनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. हृदयाच्या तोंडाशी मनाच्या ताब्यातले दार नसते.

इंग्लंडमध्ये एक्झिटरचे शल्यविशारद कॉल्डवेल यांनी याच काळात, १९६३ मध्ये, उलट दिशेने विचार केला. त्यांनी गाठोड्याला न छेडता दाराच्या स्नायूलाच वीज दिली, म्हणजे गळती थांबावी. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचे नॅशोल्ड तर थेट मेरुरज्जूत घुसले. १९७० च्या सुमारास त्यांनी पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेरुरज्जूच्या शेपटाकडच्या भागात इलेक्ट्रोड रोवले. काही रुग्णांत लघवी होऊ लागली, पण सोबत घाम, पायांचे झटके आणि इतर नको ते परिणामही आले. मेरुरज्जूच्या त्या करंगळीएवढ्या टोकात इतक्या तारा दाटीने बसलेल्या असतात की एकीला हात लावावा तर शेजारच्या दहा जाग्या होतात.

येथे या कथेतील माझ्या सर्वात आवडत्या माणसाचा प्रवेश होतो. जाइल्स ब्रिंडली, जन्म १९२६, लंडनच्या मॉडस्ली येथील मानसोपचार संस्थेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ. या गृहस्थाने १९६० च्या दशकात एका अंध स्त्रीच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर इलेक्ट्रोडांची जाळी बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दाखवले होते. फावल्या वेळात त्यांनी एक विजेवर चालणारे सुषिर वाद्यही घडवले. १९८३ मध्ये लास वेगासच्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी स्वतःवर केलेल्या एका इंजेक्शनचा परिणाम भर सभेत व्यासपीठावरून प्रत्यक्ष दाखवला. तो परिणाम कोणता, हे जिज्ञासूंनी स्वतः शोधावे. हा धागा घरातल्या वडीलधाऱ्यांनीही वाचावा अशी माझी इच्छा आहे.

ब्रिंडली यांनी जागा निवडली ती मूत्राशयाची भिंतही नाही आणि मेरुरज्जूही नाही. त्या दोहोंच्या मधली, म्हणजे कण्यातून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंची मुळे. या मुळांविषयी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेल आणि माजांदी यांनी एक सुंदर नियम शोधला होता. प्रत्येक मज्जातंतूची दोन मुळे असतात. पुढचे मूळ हुकूम बाहेर नेते, मागचे मूळ संवेदना आत आणते. जणू टपालाची दोन वेगळी खिडकी-दालने. ब्रिंडली यांनी फक्त पुढच्या मुळांना वीज द्यायचे ठरवले.

पण तेथेही जुनाच पेच उभा राहिला. पुढच्या मुळात दाराच्या स्नायूकडे जाणारे जाड तंतू आणि मूत्राशयाकडे जाणारे बारीक तंतू एकत्रच असतात. जाड तंतू कमी विजेलाच जागे होतात. म्हणजे मूत्राशय आकसेल एवढी वीज द्यायची तर दार आधी आवळले जाणारच. पुन्हा बंद दारावर धडका.

यावरचा तोडगा मला या साऱ्या इतिहासातील सर्वात देखणी कल्पना वाटते. दाराचा स्नायू हा हातापायांच्या स्नायूंच्या जातीचा, चपळ. वीज मिळाली की क्षणात आवळतो, थांबली की क्षणात सुटतो. मूत्राशयाचा स्नायू आतड्यांच्या जातीचा, आळशी. तो हळूहळू आकसतो आणि वीज थांबल्यावरही काही सेकंद आकसलेलाच राहतो. मग वीज सलग न देता काही सेकंद द्यावी, काही सेकंद थांबवावी. वीज चालू असताना दोघेही आवळतात. वीज थांबताच दार सुटते, मूत्राशय मात्र अजून दाबतच असते, आणि त्या फटीत धार सुटते. पुन्हा वीज, पुन्हा थांबा, पुन्हा धार. गावच्या हापशातून पाणी यावे तशी लघवी थांबून थांबून, पण पुरती बाहेर पडते.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये उडो योनास आणि एमिल तनागो यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून हीच युक्ती १९७५ मध्ये प्रसिद्ध केली होती. ब्रिंडली यांनी बबून माकडांवर काम करून ती मुळांना लावली. माणसातील पहिले रोपण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले. कण्याचे हाड उघडून मुळे एका छोट्या पुस्तकासारख्या साच्याच्या खाचांत बसवली जात. शरीरातील यंत्राला बॅटरी नव्हती. रुग्णाने बाहेरची पेटी त्वचेवर धरायची आणि रेडिओलहरींनी आत शक्ती पोहोचवायची. पेटी उचलली, बटण दाबले, लघवी झाली, पेटी खाली ठेवली. १९९४ मध्ये ब्रिंडली यांनी पहिल्या ५०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला १९९८ मध्ये मान्यता दिली.

आता या कथेतील अवघड भाग. पुढच्या मुळांना वीज देऊन मूत्राशय रिकामे करता आले, तरी मधल्या वेळेत ते आपल्या लहरीने आकसतच राही. गळती थांबत नव्हती, आणि मूत्रपिंडांवरचा धोकाही. उपाय होता, पण कठोर. त्या पातळीवरची मागची मुळे, म्हणजे संवेदना आत आणणारी मुळे, कापून टाकायची. संवेदनाच आत गेली नाही तर प्रतिक्षिप्त आकुंचन होणारच नाही. जर्मनीत बाड विल्डुंगनचे साउरवाइन यांनी १९८० च्या दशकात ही दुहेरी शस्त्रक्रिया रूढ केली.

परिणाम उत्तम आला. मूत्राशय शांत झाले, ते अधिक लघवी साठवू लागले, रुग्ण कोरडे राहू लागले, मूत्रपिंडे वाचली. पण किंमतही तेवढीच मोठी होती. कापलेले मूळ पुन्हा जुळत नाही. त्याबरोबर त्या भागात उरलीसुरली संवेदना जाते, आणि पुरुषांच्या बाबतीत स्पर्शाने येणारी लैंगिक ताठरताही जाते. ज्या तरुणाचे पाय अपघाताने आधीच गेले आहेत, त्याला आपण विचारतो : मूत्रपिंडे वाचवू, कपडे कोरडे ठेवू, पण हे एवढे उरले आहे तेही दे. अनेकांनी होकार दिला, अनेकांनी नकार. आणखी काही वर्षांनी मेरुरज्जू जोडण्याचा उपाय निघाला तर, या आशेवर नकार देणारेही होते. मला त्या दोन्ही उत्तरांत चूक काढता येत नाही.

ब्रिंडली यांचे यंत्र मेरुरज्जू पूर्ण तुटलेल्यांसाठीच होते. ज्यांना संवेदना शाबूत आहे त्यांना तेवढी वीज सहनच झाली नसती. मग आपल्या आजीचे काय? तिचा मेरुरज्जू धडधाकट आहे, फक्त मूत्राशय अकाली हाका मारते. तिच्यासाठीचा मार्ग निघाला तो सॅन फ्रान्सिस्कोत, आणि काहीसा आडवाटेने.

इजिप्तमध्ये शिकून अमेरिकेत स्थिरावलेले तनागो आणि त्यांचे सहकारी रिचर्ड श्मिट हेही मूळचे 'मूत्राशयाचा पेसमेकर' शोधणाऱ्यांपैकीच. १९८२ च्या त्यांच्या एका प्रसिद्ध लेखाच्या शीर्षकात हाच शब्द आहे. त्यांनी कणा उघडण्याऐवजी त्रिकास्थीला निसर्गानेच ठेवलेल्या छिद्रांचा उपयोग केला. या हाडाला दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे असतात आणि त्यांतून मज्जातंतू बाहेर येतात. तिसऱ्या छिद्रातून सुई घालून मज्जातंतूच्या शेजारी इलेक्ट्रोड ठेवला की झाले. १९८१ पासून त्यांनी रुग्णांवर हे रोपण सुरू केले.

आणि एक निराळीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मूत्राशय आकसवण्यास लागते त्याहून कितीतरी कमी वीज सतत देत राहिले, तर अतिचंचल मूत्राशय शांत होते. वीज हुकूम देत नव्हती, तर समजूत घालत होती.

सुई योग्य जागी आहे हे कसे ओळखायचे, याची खूण मोठी गमतीची आहे. तिसऱ्या मज्जातंतूला वीज मिळाली की बैठकीचा तळ आत ओढला जातो आणि पायाचा अंगठा खाली वाकतो. सुई वरच्या छिद्रात असेल तर सारे पाऊलच वळते, खालच्या छिद्रात असेल तर अंगठा हलत नाही. म्हणजे मूत्राशयावर उपचार करणारा शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या वेळी टक लावून बघत असतो तो रुग्णाच्या पायाच्या अंगठ्याकडे.

या उपचाराची आणखी एक गोष्ट मला प्रामाणिकपणाची वाटते. यंत्र कायमचे बसवण्याआधी काही दिवस तात्पुरती तार ठेवून चाचणी घेतात. रुग्ण रोजनिशी लिहितो, किती वेळा लघवीला गेलो, किती वेळा गळती झाली. त्रास निम्म्याने तरी कमी झाला तरच यंत्र बसते, नाहीतर तार काढून टाकतात. शरीर फाडण्याआधी त्याचे मत घेणारे उपचार वैद्यकात थोडेच आहेत.

युरोपात १९९४ मध्ये आणि अमेरिकेत १९९७ मध्ये या यंत्राला मान्यता मिळाली. ते बनवणारी मेडट्रॉनिक कंपनी म्हणजे १९४९ मध्ये मिनिआपोलिसच्या एका गॅरेजात सुरू झालेली, पेसमेकरमुळे नावारूपाला आलेली कंपनी. श्मिट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत यंत्र बसवलेल्या ३४ रुग्णांपैकी १६ जण सहा महिन्यांनंतर पूर्ण कोरडे होते, आणि आणखी १० जणांची गळती निम्म्याहून कमी झाली होती. हे सारे रुग्ण औषधांनी बरे न झालेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळातील जवळपास एकतृतीयांश रुग्णांना तार सरकणे, यंत्राच्या जागी दुखणे अशा कारणांनी पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. पुढे इटलीच्या स्पिनेल्ली यांनी बाभळीच्या काट्यासारखे मऊ आकडे असलेली तार सुईवाटेच बसवण्याची पद्धत आणली, तेव्हा मोठी चीर देण्याची गरज संपली आणि सरकण्याचे प्रमाणही घटले.

मग एक कोडे उभे राहिले. १९९९ मध्ये अमेरिकेत याच यंत्राला आणखी एका दुखण्यासाठी मान्यता मिळाली, आणि ते दुखणे नेमके उलटे होते : लघवी न होणे. जे यंत्र उतावळ्या मूत्राशयाला थांबवते, तेच अडलेल्या मूत्राशयाला वाहते कसे करते?

याचा उलगडा करण्यात लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातील मज्जातज्ज्ञ क्लेअर फाउलर यांचा मोठा वाटा आहे. लघवी पूर्ण बंद झालेल्या तरुण स्त्रिया त्यांच्याकडे येत. तपासण्यांत दोष सापडत नसे, आणि दोष सापडला नाही की त्या काळी बाईच्या मनात दोष आहे असे ठरवले जाई. अशा कित्येक जणींना 'हे सगळे मानसिक आहे' असे सांगून परत पाठवले गेले होते. फाउलर यांनी दाराच्या स्नायूत सुई घालून त्यातील विजेचे संकेत ध्वनिवर्धकावर ऐकले. त्यातून समुद्रातील देवमाशांच्या गाण्यासारखे आवाज आले. त्या स्नायूला सैल पडताच येत नव्हते. १९८८ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्या विकाराला आज फाउलर यांचेच नाव आहे. मनाचे म्हणून हिणवलेले दुखणे एका स्नायूचे निघाले, आणि त्या स्त्रियांपैकी अनेकींना त्रिकास्थीतील याच तारेने पुन्हा लघवी होऊ लागली.

फाउलर यांच्या चमूने २००० मध्ये आणखी एक मोजमाप केले. त्रिकास्थीत वीज दिल्यापासून बैठकीचा स्नायू हलेपर्यंत किती वेळ जातो? वीज हुकूम घेऊन थेट स्नायूकडे जात असेल तर तो वेळ फार थोडा असायला हवा. प्रत्यक्षात तो लांब निघाला. म्हणजे संदेश आधी मेरुरज्जूकडे वर जात होता आणि तेथून फिरून खाली येत होता. वीज काम करत होती ती संवेदनेच्या वाटेने. बेल आणि माजांदी यांच्या भाषेत बोलायचे तर सगळे जण पुढच्या खिडकीत उभे होते, आणि खरा कारभार मागच्या खिडकीतून चालला होता. दार आवळल्याचे जे खोटे संदेश मूत्राशयाला 'थांब' म्हणत होते ते अडले की अडलेले मूत्राशय वाहते. जे अकाली संदेश 'भरले, भरले' म्हणून ओरडत होते ते दबले की उतावळे मूत्राशय थांबते. कोडे बरेचसे सुटते, पूर्ण नव्हे.

आता सॅक्सटॉर्फकडे परत. हंगेरीत बुडापेस्टच्या फेरेन्त्स काटोना यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचीच पद्धत पुन्हा हाती घेतली आणि जन्मतः मेरुरज्जूचा दोष असलेल्या मुलांवर वापरली. स्नायू आकसवणे हा त्यांचा हेतू नव्हता. मुलांना मूत्राशय भरल्याची जाणीव शिकवणे, हा होता. १९९२ मध्ये स्वीडनच्या लिंडस्ट्रॉम यांच्या चमूने मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की मूत्राशयाच्या आत दिलेली वीज खरोखरच संवेदनेच्या तंतूंना जागवते. १८७८ चा तो प्रयोग अखेर १९९२ मध्ये समजला. ११४ वर्षे !

संवेदनेची वाट एकदा मान्य केली की मग त्रिकास्थीच कशाला हवी? त्या मुळांकडे संवेदना आणणारी कोणतीही शाखा चालावी. अमेरिकेचे एडवर्ड मॅकग्वायर यांनी १९८३ मध्ये घोट्याजवळच्या मज्जातंतूवर त्वचेवरूनच वीज देऊन मूत्राशय शांत केले. ही कल्पना त्यांना चिनी अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूंवरून सुचली होती. घोट्याच्या आतल्या बाजूला तीन-चार बोटे वर एक बिंदू आहे, आणि लघवीच्या तक्रारींसाठी तो तेथे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. त्याच्या शेजारूनच पोटरीच्या मागून उतरणारा मज्जातंतू जातो, आणि त्याचे मूळ आहे त्रिकास्थीच्या त्याच मुळांत. अंगठा का वाकत होता, हे आता लक्षात आले असेल.

सॅन फ्रान्सिस्कोचेच मार्शल स्टोलर यांनी याला नीट रूप दिले : केसासारखी बारीक सुई, अर्धा तास, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२० रुग्णांपैकी निम्म्यांना खरा उपचार दिला आणि निम्म्यांना हुबेहूब खोटा. खऱ्या गटातील ५४.५ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम वाटला, खोट्या गटातील २०.९ टक्के. मी हा दुसरा आकडा मुद्दाम लिहितो. कारण 'प्राचीन ज्ञान सिद्ध झाले' असे संदेश फिरवणारे तो गाळतात, आणि 'सगळा मनाचा खेळ' म्हणणारे पहिला गाळतात. चिनी वैद्यांना जागा बरोबर सापडली होती. त्या जागेखाली काय आहे, याचे त्यांचे स्पष्टीकरण मात्र निराळे होते.

सुईऐवजी नुसत्या चिकटपट्ट्या लावूनही ही वीज देता येते. त्यासाठी लागणारे टेन्स नावाचे यंत्र आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या अनेक दवाखान्यांत गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी असतेच. अर्थात हा धागा इतिहासाचा आहे. लघवीचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यावे, घरच्या घरी प्रयोग करू नयेत. हृदयाचा पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तर नाहीच.

त्रिकास्थीची यंत्रेही बदलली आहेत. २०१९ मध्ये पुन्हा चार्ज होणारे, पंधरा वर्षे चालेल असे यंत्र अमेरिकेत मान्य झाले. आणि मार्च २०२२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने आणखी एका यंत्राला परवानगी दिली : नाण्याएवढे, तारा नसलेले, आत स्वतःची बॅटरी असलेले. ते बसवायला कणा उघडावा लागत नाही, संपूर्ण भूलही लागत नाही. जागा बधिर करून, छोटीशी चीर देऊन, ते घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडेसे वर, त्वचेखाली ठेवतात.